गाण्यातली मोकळी जागा

लोणावळ्याच्या सभागृहात खांद्यावर शाल पडली तेव्हा बहिरूच्या ध्यानात आलं, की आपण सदरा उलटा घालून आलोय. त्याने शाल गळ्यापर्यंत घट्ट ओढून घेतली. समोरच्या लोकांना वाटलं, म्हातारा भारावलाय. भारावला तर होताच. आंदर मावळातल्या वरच्या वाडीचा हा कोळी, जन्म सगळा भाताच्या खाचरात आणि हिरड्याच्या झाडांखाली गेलेला. त्याच्या नावानं टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ. आणि त्या पाडून घेणारा कोण, तर संदेश. पोटच्या पोरानं केलं नसतं ते या पोरानं केलं, असं मनात येऊन त्याचे डोळे भरले. शाल, नारळ आणि संदेशच्या नव्या पुस्तकाची प्रत एवढं सगळं दोन हातांत मावेना, म्हणून त्याने नारळ शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवर ठेवून दिला.

संदेश खालच्या गावचा, कुसाळ्याच्या मधल्या आळीतला. घरची जमीन चांगली, चुलता बजरंग गावचा माजी सरपंच, आणि हा स्वतः लोणावळ्याच्या एका हायस्कुलात मराठीचा मास्तर. पण लहानपणापासून त्याचा ओढा वरच्या वाडीकडे. बहिरूच्या बायकोच्या, सावित्राबाईच्या हातची नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण यापायी तो शाळा बुडवून डोंगर चढायचा. मोठा झाला तसा गाण्यापायी चढू लागला. बहिरूचा मुलगा करण लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करतो. त्याला गाण्याचं वावडं. डफ हातात दिला तर त्यावर पापड वाळत घालील. मग बापानं म्हटलेली ओळ मागून उचलायला, झील ओढायला, लेकाच्या जागी संदेश उभा राहायचा आणि आवाज असा लावायचा, की सावित्राबाईसुद्धा चुलीपासून उठून दारात यायची.

हे गाणं लुमाचं. इंग्रजाचं राज्य नवं होतं तेव्हा या डोंगरात कोळ्यांनी बंड केलं, त्यातला लुमा हा वरच्या वाडीचा. पलटण मागे लागली तेव्हा तो कड्याच्या पोटातल्या गुहेत दडला. वाडी जाळली गेली, बायकापोरं चावडीत डांबली गेली, पण कुणी तोंड उघडलं नाही. त्याचा धाकटा भाऊ गोमा भाकरी पोचवताना सापडला. फटक्यांनी पाठीचं कातडं निघालं तरी त्यानं वाट सांगितली नाही. ती सांगितली दुसऱ्याच कुणीतरी. लुमाला हिरड्याच्या झाडाला फाशी दिलं. गोमाला ठाण्याच्या तुरुंगात नेलं, तिथून तो परत आला नाही. लुमाला मूलबाळ नव्हतं. गोमाची बायको तेव्हा पोटुशी होती. बाकीची घरं पुढं पोटामागं उठून गेली; वाडीत आज जेवढ्या चुली पेटतात त्या सगळ्या तिच्या पोटच्या. तरी जो तो स्वतःला लुमाचाच म्हणवतो. फाशी गेलेल्याचा मान मोठा. मार खाऊन गप्प राहिलेल्याला कोण विचारतो?

धुळवडीच्या दुपारी वाघोबाच्या दगडापाशी हे गाणं होतं, आणि त्याची एक रीत आहे.

लुमा लपला कड्यात, भाकर गोमाच्या हातात,
कुणी दावली रं वाट, कुणी दावली?

इथं गाणं थांबतं. डफावर तीन थापा पडतात आणि पुढचं कडवं सुरू होतं. त्या थापांच्या जागी एक नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. म्हातारा गाणारा पुढच्या गाणाऱ्याच्या कपाळाला भंडारा लावून ते त्याच्या कानात सांगतो. बाकीच्या वाडीला नुसत्या थापा. कारण त्या माणसाचा वंश खालच्या गावात नांदत होता. नाव उघड झालं असतं तर वाडीतलं एखादं तापलेलं पोर कोयता घेऊन खाली उतरलं असतं, आणि मग दोन्हीकडची मढी उचलायलाही कुणी उरलं नसतं. जुन्या माणसांनी ठरवलं, की बापाचं पाप लेकरांच्या डोक्यावर नको. स्वतःची घरं जळालेली असताना माणसांनी दाखवलेली ही माया आहे. असली माया हल्ली बघायला मिळत नाही म्हणावं, तर तेव्हा तरी ती कुठं रस्त्यावर पडली होती!

बहिरूनं ते नाव संदेशला दिलं. वाडीबाहेर ते कधी गेलं नव्हतं. सावित्राबाईनं आधी बजावलं होतं, "आवो, पोरगा गुनाचा हाय, पर हाय तर खालचाच. त्येच्या कानात त्येच्याच घरचं मढं घालताय." कारण ते नाव होतं हैबती. मधल्या आळीतला हैबती, संदेशच्याच घराण्यातला. वाट दाखवल्याबद्दल इंग्रजानं त्याला ओढ्याकाठचं खाचर दिलं. गाणाऱ्याच्या घरात हे कारभारणीपासून कधी लपलं नाही; तिथं अजून त्या खाचराला 'बक्षिसाचं' म्हणतात. खालच्या गावात ते नुसतं 'ओढ्याचं' आहे.

नाव ऐकून संदेश वाघोबापुढं मटकन खाली बसला. रडला. बहिरूचे पाय धरून म्हणाला, "आबा, मी लिहीन. माझ्या घराण्याचं नाव मीच लिहीन. मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?" त्या घटकेला बहिरूला त्याच्याएवढा मोठा माणूस त्रिभुवनात दिसेना. तो घरी आला तो तरंगतच. "बग," तो सावित्राबाईला म्हणाला, "खालचं असून रडलं पोरगं."

"रडाया काय लागतंय," सावित्राबाई म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

तर ते हे पुस्तक. घरी आलं, देव्हाऱ्यात बसलं, त्याला हळदकुंकू लागलं. बहिरूला अक्षर वाचता येत नाही. धाकटी लेक रंजना पलीकडच्याच वाडीत दिलेली, अंगणवाडीत मदतनीस; ती दुपारी सवड झाली की ओसरीवर बसून वाचून दाखवू लागली. ऐकायला वाडी गोळा व्हायची. लुमाचा जन्म झाला, लुमाचं बालपण झालं, लुमाची वाघाशी झुंज झाली. झुंज बहिरूनं कधी सांगितली नव्हती; वाडीचा तर वाघ देव. पण म्हटलं, असू दे, पोरानं हौसेनं घातलीय. मग गाणं आलं. रंजना चालीवरच वाचत होती. बहिरूनं मांडीवर थाप मारायला हात उचलला आणि रंजना मधेच थांबली.

"काय गं? वाच की."

"बाबा, हितं..." ती तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचू लागली.

"नाव छापलंय न्हवं? मग घे. आता छापलंच हाय तर घे."  वाडी कान टवकारून बसली.

रंजनानं घेतलं. "कुणी दावली रं वाट, कुणी दावली? गोमा भावानं, गोमा भावानं, गोमा भावानं."

 पुढं आणखी दोन पानं होती. गोमाला भावाचा हेवा होता, गोमाची नजर भावजयीवर होती, गोमानं चांदीच्या रुपयांवर भाऊ विकला. रंजनानं तेवढंही वाचलं, कारण तिला थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बहिरूचा उचललेला हात तसाच वर राहिला होता. सावित्राबाईनं तो धरून खाली ठेवला.

सकाळी बहिरू जीपनं कामशेतला उतरला आणि तिथून लोणावळ्याला. या खेपेला सदरा सुलटा होता. संदेशच्या बायकोनं, प्रेरणानं, चहा आणून ठेवला. बहिरूनं त्याकडे पाहिलंही नाही.

"संदेश, गोमानं तुजं काय घोडं मारलं व्हतं?"

संदेशनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. "बसा ना, आबा. मीच येणार होतो तुमच्याकडे."

"हुबा हाय त्ये बरा हाय. हैबती कुटं गेला?"

"मी लिहिलं होतं हो. खरंच लिहिलं होतं. बजरंगकाकांनी वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. गावात लुमाचं स्मारक होतंय, त्याला जागा त्यांनीच दिलीय, आपल्या ओढ्याच्या शेतातली. म्हणाले, जागा आपली आणि त्यात फितूर म्हणून नावही आपलंच? सृष्टीचं लग्न ठरतंय, आबा. माझी चुलत बहीण. तिच्या सासरचे काय म्हणतील?"

"मग मोकळं सोडायचं. आमी न्हाई सोडलं इतकी वर्सं?"

"प्रकाशक ऐकेनात. म्हणाले, वाचकाला नाव लागतं, अशी मोकळी जागा चालत नाही." संदेशनं खाली पाहिलं. मग त्याच्यातला लेखक मान वर काढू लागला. "आणि आबा, खरं सांगू? भावानंच भावाला दिलं, की ते काळजाला भिडतं. ते पान वाचून लोकांचे फोन येतात. रडतात लोक."

"तूबी रडला व्हतास की, वाघोबापुढं. त्ये काय व्हतं?"

 संदेश खोटं रडला नव्हता. हेच तर बहिरूला जास्त लागलं. खरं रडून माणूस असं करतो, हे त्याला माहीत नव्हतं.

"तुमची लाज राखाया आमी ती जागा मोकळी ठिवली," बहिरू म्हणाला.  "तुज्या आज्यापंज्यांनी मान वर करून हिंडावं म्हनून. माज्या बापानं नाव पोटात ठिवलं, त्येच्या बापानं ठिवलं. आन तू तितं आमचाच मानूस गाडलास."

"पुढच्या आवृत्तीत बघतो, आबा. नक्की बघतो." संदेशनं त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता, मायेचाच होता. "पण सव्वीस जानेवारीला स्मारकाचं उद्घाटन आहे. गाणं तुम्हीच म्हणायचंय. तुमच्याशिवाय कसं होईल?"

बहिरूच्या तोंडात शिवी आली होती. ती तिथंच अडली, कारण त्याला दुसरंच काही सुचलं. तिथं माईक असणार. गाव असणार, वाडी असणार, वडगावहून साहेबलोक येणार.

"येतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं बेत सांगितला तेव्हा सावित्राबाईचा चेहरा पडला. "नाव घेनार? आवो, आपलं पानी खालनं येतंय, वाट त्येंच्या बांधावरनं हाय. रंजीची पोरं शाळंला त्याच वाटंनं जात्यात."

"रगत सांडू ने म्हनून नाव गिळत आलो. आता सांडायचं तर सांडंल. गोमाचं दुसऱ्यांदा सांडलंच की." त्यानं डफ खुंटीवरून काढला. "ह्ये न्हाई केलं तर मी मेल्यावर त्येच्याम्होरं कुटल्या तोंडानं जाऊ?"

संध्याकाळी करणचा फोन आला. कोमल, त्याची लेक, संदेशच्याच शाळेत होती आणि मराठीत वर्गात पहिली. "बाबा, कोमलपन हाय बरं गान्यात. तुमच्या मागं पोरं झील धरनार. सरांनी सगळं बसवून घेतलंय." बहिरूला बरं वाटलं. नात आपल्या कानानं नाव ऐकेल. मग ते कुणाला पुसता येणार नाही. पोरांकडून काय बसवून घेतलंय, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

सव्वीस जानेवारीला बक्षिसाच्या खाचरात मांडव पडला. स्मारकात लुमाचा पुतळा होता, हातात तलवार. लुमाकडे जन्मात तलवार नव्हती, कोयता होता. पण कोयता घेतलेला माणूस पाहुण्यांना गवत कापायला निघाल्यासारखा दिसला असता. चौथऱ्याच्या बाजूला कोरीव चित्र होतं. शिपाई उभे आणि एक वाकलेला माणूस त्यांना कड्याकडे बोट दाखवतोय. त्याच्या दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. बहिरूनं ते पाहिलं. भाकरीसुद्धा सोडली नाही त्यांनी.

भाषणं झाली. बजरंगभाऊंनी जागा दिली म्हणून त्यांचा सत्कार झाला. मग संदेशनं बहिरूला हात धरून वर नेलं. मागे पोरांची रांग उभी होती, नऊवारीतली कोमल सगळ्यांत पुढं. तिनं आजोबाकडे पाहून डोळे मिचकावले.

बहिरूनं डफ शेकून आणला होता. आवाज खणखणीत निघाला. मांडव हळूहळू गप्प झाला. त्या दिवशी तो जसा गायला तसा आयुष्यात गायला नव्हता, असं वाडीची माणसं आजही सांगतात. गुहा आली, जळणारी वाडी आली, गोमाच्या पाठीवरचे फटके आले. फटक्यांचं कडवं पुस्तकात नव्हतं. ते ऐकून संदेशनं मान खाली घातली. बहिरूला ते दिसलं. त्याला बळ चढलं.

लुमा लपला कड्यात, भाकर गोमाच्या हातात,
कुणी दावली रं वाट, कुणी दावली?

इथं त्यानं डफ मुद्दाम थांबवला. थापा द्यायच्या नव्हत्या. छाती भरून श्वास घेतला, 'है' ओठावर आलं, आणि मागून सगळी पोरं एका सुरात ओरडली,

"गोमा भावानं! गोमा भावानं! गोमा भावानं!"

सगळ्यांत वरचा आवाज कोमलचा होता. गोड आवाज, थेट बहिरूच्या बापावर गेलेला.

क्षणभर त्याला आपण कुठं उभे आहोत ते कळेना. मग त्यानं दोन्ही हातांनी माईक धरला. "गोमा न्हाई," तो म्हणाला. "गोमानं न्हाई सांगितलं. हैबतीनं सांगितलं. मधल्या आळीच्या हैबतीनं. ह्ये खाचर त्येचंच बक्षीस हाय."

झालं. नाव बाहेर पडलं. ज्या नावापायी वाडीनं इतक्या पिढ्या दात आवळून धरले, ते भर मांडवात पडलं. बहिरू वाट बघत राहिला. आता कुणी उठेल, कुणी दगड मारेल, बजरंगभाऊ अंगावर धावून येईल.

संदेशनं हळूच त्याच्या हातातला माईक काढून घेतला. "मंडळी, आबांचं वय झालंय," तो हसून म्हणाला. हसताना त्याचे ओठ पांढरे पडले होते. "एखादं नाव इकडचं तिकडं होतं. पण आवाज बघा या वयात! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

जोरदार टाळ्या झाल्या. बजरंगभाऊ उठले खरे, पण फेटा बांधायला. त्यांनी स्वतःच्या हातानं बहिरूला फेटा बांधला आणि कानात म्हणाले, "मस्त गायला, बहिरूभाऊ. आता जेवून जायचं." कुणाला राग आला नाही. रागवावं एवढीही त्या नावाला किंमत उरली नव्हती. वाडीची माणसं मांडवाच्या कडेला माना खाली घालून उभी होती. जेवणाची पंगत बसली तशी तीही एकेक करून बसली. नाव ऐकून त्यांनी करायचं तरी काय होतं?

बहिरू जेवला नाही. सुट्टी होती म्हणून कोमल आजीकडे राहायला निघाली होती. तिला घेऊन तो वाडीची वाट चढू लागला. सावित्राबाई आणि रंजना पुढं गेल्या होत्या. 

"आबा, तुम्ही चुकलात ना तिथं?" कोमल म्हणाली. "मी खुणावत होते तुम्हाला. तुमचं लक्षच नव्हतं."

"म्या न्हाई चुकलो, बाळा."

"सर म्हणाले, वय झालं की होतं असं. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

बहिरू वाटेतल्या दगडावर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला. "कोमल, हिकडं बग. गोमानं मार खाल्ला, पर सांगितलं न्हाई. सांगितलं हैबतीनं. पुस्तकात खोटं लिवलंय."

"सर खोटं लिहितील?" तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, नुसतं नवल होतं. "आणि आबा, स्मारकावर पण तेच आहे. दगडावर."

 त्याच्याकडे पुस्तक नव्हतं, दगड नव्हता. एकच गोष्ट होती, ती त्यानं काढली. "आगं, आपुन कुनाची लेकरं? लुमाला पोर न्हवतं. आपुन समदी गोमाची हाय. ह्यो डोंगर, ही वाडी, तू, मी, समदी त्येच्याच रगताची. तो आपला बाप हाय. तूच सांग, त्यो भावाला इकंल का?"

कोमल त्याच्याकडे बघतच राहिली. खाली मांडवात अजून स्पीकरवर गाणी चालली होती आणि तिच्या शाळेची बस रस्त्याला लागत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "ते वाट दाखवणारे आपणच होतो?"

बहिरूनं तिच्याकडे हात पुढं केला.

तिनं बसकडे पाहिलं, मग मागंपुढं पाहिलं, वाटेवर कुणी नाही याची खात्री केली आणि आजोबाचा हात धरला. "आबा, हे कुणाला सांगू नका हं. मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, आम्ही लुमाचे म्हणून."

तिचे डोळे भरले होते.

"न्हाई सांगत, बाळा," बहिरू म्हणाला, आणि डफ काखेत मारून तिच्या मागोमाग वाडीची वाट चढू लागला.